डुकराचा रुपया आणि पोस्टातली लिस्ट

आजीच्या ट्रंकेत चांदीचे जुने रुपये आहेत? मग ते एकदा बाहेर काढाच. त्यात पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया निघाला तर भिंग घ्या आणि राजाच्या झग्यावरचा हत्ती शोधा. या हत्तीची सोंड इतकी आखूड काढली होती, की लोकांना तो चक्क डुक्कर वाटला! एवढा गहजब झाला, की सरकारला रुपये मागे घेऊन वितळवावे लागले. टांकसाळीने पाडले होते जवळपास 94 लाख, लोकांच्या हातात गेले जेमतेम सातेक लाख. पुढच्याच वर्षी हत्ती सुधारून नवा रुपया आला. जुन्याला नाणेवाले आजही ‘पिग रुपी’च म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. 1911 चा आणि 1912 चा, दोन्ही रुपयांचं वजन 11.66 ग्रॅम. चांदीही सारखीच. त्यामुळे सराफाच्या काट्यावर दोघांचा भाव एक. काट्याला वजन कळतं, साल कळत नाही. मग साल कुणाला कळत होतं? नाण्यांच्या व्यापाऱ्याला. आणि तो बसायचा मुंबईत.

आता नकाशावर गोंदिया बघा. महाराष्ट्राचं पार पूर्वेचं टोक. भंडाऱ्यातून 1 मे 1999 ला वेगळा झालेला जिल्हा, भाताच्या गिरण्या, विडीचा धंदा, हावडा-मुंबई लाइनवरचं जंक्शन. मराठीइतकीच हिंदी कानावर पडते. नाणी नीट बघायची तर सगळ्यात जवळ नागपूरचा अजब बंगला, म्हणजे 1863 चं मध्यवर्ती संग्रहालय. पण तिथे नाणं काचेआड असतं आणि काचेवर किंमत लिहिलेली नसते. विकत घ्यायचं तर विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठा. तिथे हॉटेलात उतरण्याचा खर्च नाण्यापेक्षा जास्त! अशा गावातल्या छंदिष्टाला नाण्यांची दुनिया दिसायची ती एकाच खिडकीतून. पोस्टमनने टाकलेल्या लिस्टमधून.

आजच्या डोळ्यांना ही लिस्ट अगदीच बोअर वाटेल. टाइप केलेली किंवा साध्या कागदावर छापलेली चार-आठ पानं, फोटो असले तर धुरकट, भाषा बहुतेक इंग्रजी. अनुक्रमांक, राजा, टांकसाळ, साल, मग ‘एफ’, ‘व्हीएफ’, ‘एक्सएफ’, ‘यूएनसी’ अशी अक्षरं आणि शेवटी किंमत. ही अक्षरं म्हणजे नाण्याची तब्येत. ‘एफ’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं, ‘यूएनसी’ म्हणजे टांकसाळीतून निघालं तसं, कधीच न वापरलेलं. नागपूरकर भोसल्यांच्या रुपयावर दिल्लीच्या अहमदशहाचं नाव का असतं, शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असतं, हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं. लिस्टच्या दीड ओळीत असायचं. दहा वर्षांच्या लिस्टा जपून ठेवल्या की घरबसल्या कोर्सच पूर्ण.

थ्रिलही होतं. पहिलं पत्र ज्याचं, नाणं त्याचं. म्हणून हवे ते नंबर लिहायचे, खाली ‘हे नसेल तर ते’ म्हणून आणखी दोन-चार नंबर टाकायचे आणि लगेच पोस्ट गाठायचं. पण दादरवाल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी पोचणार, गोंदियावाल्याचं त्यानंतर कधीतरी. चांगला माल बहुतेक वेळा उडालेलाच! भारत सरकारच्या टांकसाळीच्या स्मारक नाण्यांनाही हाच वनवास. फॉर्म भरा, डिमांड ड्राफ्ट लावा आणि महिनोन् महिने वाट बघा.

मग नेट आलं. 2000 मध्ये बाझी डॉट कॉम सुरू झालं, 2004 मध्ये ते ईबेने घेतलं आणि गोंदियाचा संग्राहक दादरवाल्याच्या शेजारी येऊन बसला. त्याच सेकंदाला त्याचीही बोली! अंतराचा अन्याय संपला, याचा आनंद मानायलाच हवा. ‘पोस्टाचे दिवस किती छान’ म्हणणाऱ्यांनी हरलेल्या ऑर्डरी आठवून बघाव्यात. पण 2018 मध्ये ईबे इंडिया बंद झालं. तिथे कुठलं नाणं केवढ्याला गेलं, हे आता शोधायचं कुठे?

माझ्या मते खरं नुकसान इथे आहे. लाखांत जाणाऱ्या नाण्यांची काळजी नको, त्यांचे निकाल लिलाववाल्यांच्या कॅटलॉगमध्ये राहतात. पण पन्नास, दोनशे, पाचशे रुपयांच्या नाण्याचं काय? शिवराई अमुक साली किती रुपयांना मिळायची, याचा पुरावा फक्त त्या कागदावर आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला भाव संध्याकाळपर्यंत वर सरकून जातो. छापलेला भाव व्यापाऱ्याला खोडता येत नव्हता. खाली त्याचं नाव-पत्ता असायचा, नाणं खोटं निघालं तर भांडायला माणूस सापडायचा.

आज ‘तुमच्या जुन्या नोटेचे लाखो रुपये’ सांगणारा माणूस मात्र सापडत नाही. तो आधी कमिशन मागतो, मग टॅक्स मागतो, मग गायब होतो. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेलाच सांगावं लागलं, की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत आमचा संबंध नाही आणि आम्ही असले कुठलेही पैसे घेत नाही. हातात एक जुनी लिस्ट असेल, तर लाखांची गोष्ट ऐकून निदान हसू तरी येतं.

अमेरिकेत या कागदांची किंमत ओळखली गेली आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या मदतीने चालणारं न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल जुने लिलाव कॅटलॉग आणि व्यापाऱ्यांच्या प्राइस लिस्टा स्कॅन करून फुकट वाचायला ठेवतं. एरिक न्यूमन नावाच्या संग्राहकाच्या संस्थेचा पैसा त्यामागे आहे. हे गृहस्थ 2017 मध्ये वारले, तेव्हा 106 वर्षांचे होते. आपल्याकडच्या लिस्टा मात्र दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने जातात. तिथेही पुन्हा काटाच!

तेव्हा काका-मामांच्या कपाटात असा गठ्ठा सापडला तर रद्दीवाल्याला थांबवा. पानं फोनवर स्कॅन करा, पिना काढून ठेवा, नाहीतर गंजाचे डाग पडतात. आणि पाकीट अजिबात फेकू नका. कित्येक लिस्टांवर तारीखच छापलेली नसते, ती असते पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात.