सावकारी कायदा कुणाला लागू, कुणाला नाही?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीला जाणारी अनेक मुले शेतकऱ्यांच्या घरची. पगार सुरू झाला की मोटारसायकल फायनान्सवर येते. नड पडली की गावात महिना शेकडा 5 ने पैसे उचलले जातात. दोन्ही कर्जेच, पण कायदे निराळे.

महिना शेकडा 5 म्हणजे वर्षाला 60 टक्के! महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. व्याजावर व्याज नाही. एकूण व्याज मुद्दलाच्या वर नाही.

बँका, सहकारी पतसंस्था आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्या मात्र या कायद्यातून वगळल्या आहेत. कंपन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानेही 2022 मध्ये तसाच निर्णय दिला. तिथे 9 टक्क्यांचे संरक्षण नाही. म्हणून सहीपूर्वी व्याज आणि दंड वाचून घ्यावा. तक्रार आधी कंपनीकडे, दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेकडे करावी.

सावकाराविरुद्ध तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज द्यावा. कर्जापोटी खरेदीखत करून दिले असले, तरी बेकायदा सावकारी सिद्ध झाल्यास जिल्हा निबंधक जमीन परत देववू शकतात. म्हणून चिठ्ठीचपाटी जपा, आणि कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका.