एकमेव ३८,१६,५४,७२९

३८,१६,५४,७२९ ही माझी अत्यंत लाडकी संख्या! हिच्यात १ ते ९ हे सगळे अंक एकेकदाच येतात. आता डावीकडून एकेक अंक वाढवत भागून बघा. ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने आणि असंच थेट ९ पर्यंत. खरी कसोटी सातची: ३८,१६,५४७ = ७ × ५,४५,२२१. बाकी शून्य!

पाचव्या जागी ५ च लागतो, सम जागांवर सम अंकच, चौथ्या जागी २ किंवा ६. नऊ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्यांपैकी या सगळ्या अटींत बसते ती फक्त हीच. शेवटी शून्य जोडलंत तर १० नेही भाग जातो. घरातल्या मुलांना कॅल्क्युलेटरशिवाय नक्की करायला द्या.