आयतं ताट

"ताई, इथं नुसत्या बायका-बायकांनी बसलं तर चालतं ना हो?"

दादरच्या गडकरी चौकात, 'आस्वाद'च्या दारात उभं राहून आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी मला हा प्रश्न विचारला. वय वर्षं 58. तीन मुलांची लग्नं केलेली, दोन नातवंडं अंगाखांद्यावर खेळवलेली. पण हॉटेलात बसल्या त्या फक्त मिस्टरांबरोबर, तेही दवाखान्याच्या कामाला साताऱ्याला गेल्या तेव्हाच. आम्ही अकरा जणी होतो. मी म्हटलं, "काकू, चालतंच नाही, पळतं! चला आत."

झालं असं, की आमचा गट गेली काही वर्षं वाईत मसाले आणि पापड करतो. लालबागच्या मसाला गल्लीत काम कसं चालतं ते डोळ्यांनी बघावं, असं बरेच दिवस मनात होतं. सिद्धिविनायकाचं दर्शनही कुणाकुणाचं राहिलेलं होतं. शेवटी एप्रिलमधला एक गुरुवार ठरवला आणि रात्रीची एसटी धरून पहाटे दादर गाठलं. दोघी-तिघींनी सवयीने घरून चपात्या, चटणी आणि दशम्या बांधून आणल्या होत्या. "बाहेरचं कशाला, उगीच खर्च!" मी त्या दशम्या मुकाट्याने पिशवीत तळाशी ढकलल्या. आज कुणीही घरचं खायचं नाही, हा माझा एकमेव नियम होता.

निम्म्या जणींचा गुरुवार होता. मुंबईची ही एक गंमत आहे, उपासाच्या बाईला इथे उपाशी राहावं लागत नाही. साबुदाणा वडा, उपासाचं थालीपीठ, फराळी मिसळ, पियुष... गिरगाव-दादरच्या मराठी हॉटेलांनी उपास अगदी सणासारखा करून ठेवला आहे! ज्यांचा उपास नव्हता त्यांनी मिसळ मागवली. 2015 साली लंडनमध्ये 'फूडीहब'च्या पुरस्कारांत 'आस्वाद'च्या मिसळीला जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला होता. मी ही माहिती मोठ्या कौतुकाने सांगितली. एकीने घास खाऊन शांतपणे निकाल दिला, "चव चांगली हाय, पण आपल्याकडं तर्री जास्त असती."

मला मात्र वेगळंच काही दिसत होतं. पदार्थ समोर आले तरी कुणी हात लावेना. प्रत्येक जण दुसरीकडे बघत होती. "तुम्ही घ्या आधी", "नाही, तुम्हीच घ्या". मग लक्षात आलं, या बायकांना सगळ्यांच्या आधी खायची सवयच नाही. घरात सगळ्यांची पानं झाल्यावर, कढईच्या तळाशी उरलेलं, तेही बहुतेक वेळा गार, असं त्यांचं जेवण. गरम वडा गरम असताना खायचा, एवढी साधी गोष्ट. पण काकूंनी वडा फोडला, आतून वाफ निघाली, तशा त्या एकदम हसल्याच. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं वडे तळते. पयला वडा कधी खाल्ला नव्हता."

मैत्रिणींनो, तुम्ही कधी खाल्लाय?

दादरहून लालबागला टॅक्सी करून गेलो. वाटेत मी वडापावची गोष्ट सांगितली. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. पाळी बदलताना गिरणी कामगाराला हातात धरून, उभ्या उभ्या, थोडक्या पैशात पोट भरेल असं काही हवं होतं. ते वडापावने दिलं.

मसाला गल्लीत शिरलो आणि पहिल्या पाच मिनिटांत अकराही जणी शिंकायला लागल्या. एप्रिल-मे हा तिथला सुगीचा हंगाम. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, काश्मिरी लालीला. बायका घरून यादी घेऊन येतात. मालवणी मसाल्याची वेगळी, आगरी-कोळ्यांची वेगळी, आपली घाटीची वेगळी. मिरची निवडायची, धणे, दगडफूल, नागकेशर, बडीशेप तोलून घ्यायची, भाजून घ्यायची आणि डंकावर कुटायला द्यायची. कुटताना पुष्कळ जणी स्वतः उभ्या राहतात, आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळू नये म्हणून. आमच्या बायकांनी इथे खरा अभ्यास केला. कोणती मिरची काय भावाने, कुटायचे किलोला किती, पिशवी कसली, सगळं वहीत उतरवून घेतलं. नाकाला पदर बांधून कढईसमोर मिरच्या भाजणाऱ्या एका बाईशी आमची कोषाध्यक्ष इतकी बोलत बसली, की तिला ओढून आणावं लागलं. शेजारची चिवडा गल्ली मात्र आम्ही धावतच केली. पिशव्या तेवढ्या जड झाल्या.

तिथून आत्याकडे गेलो.

माझी ही आत्या लग्न होऊन 1962 मध्ये लालबागच्या चाळीत आली. नवरा गिरणीत. एकाच्या पगारात भागेना म्हणून तिने खानावळ धरली. गिरणगावात तेव्हा घरोघरी अशा खानावळी होत्या. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहायचे, पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला अशा एखाद्या बाईकडे महिना लावायचे. आत्याची खानावळ माळकऱ्यांची. आपल्या सातारा, कोल्हापूर, पुण्याकडचे वारकरी गिरणीत खूप होते. गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी भजन, मटण-मच्छी वर्ज्य. त्यांना शाकाहारी पान हवं असायचं. मसुराची आमटी, वाटाण्याची उसळ, मेथीची गोळा भाजी, भात, चपाती, एकादशीला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. 28 माणसं होती तिच्याकडे. दोन वेळच्या मिळून सव्वादोनशे चपात्या! दहा बाय बाराच्या खोलीत, घासलेटच्या स्टोव्हवर.

मुंबईच्या शाकाहारी जेवणाबद्दल लिहिताना सगळे हॉटेलांची नावं घेतात. घ्यावीतच. पण आत्याच्या खोलीला कधी पाटी नव्हती.

"पैशाचं काय करायचीस गं?" एकीने तिला विचारलं.

"पगार झाला की माणसं द्यायची. तोवर वाण्याकडं उधारी. वाणी नाय म्हणाला की मंगळसूत्र सावकाराकडं." आत्या हे असं सांगत होती, जणू भाजीचा भाव सांगतेय.

याच अडचणीतून 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवायचं, म्हणजे सावकाराचं व्याज सुटेल. आपले बचत गट गावोगावी निघाले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! प्रेमाताईंना पुढे 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. आत्याच्या चाळीतल्या काही जणी त्या मंडळात होत्या. आत्या नव्हती. फुफाजी म्हणाले होते, "बायकांनी बँकेत जायचं नाय." ती गप्प बसली आणि आणखी काही वर्षं सावकाराचं व्याज भरत राहिली.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिन्यांत मिटेल. आत्या उधारीवर जेवायला घालत राहिली. "जेवणाऱ्याला ताटावरनं उठवायचं कसं?" हळूहळू माणसं गावाला गेली, काही जण न सांगता गेली. फुफाजीही घरी बसले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आत्याची खानावळ मात्र त्याच वर्षी दिवाळीच्या आधी बंद झाली.

तिने ट्रंकेतून वही काढून दाखवली. नावापुढे गाव, गावापुढे आकडा. काही आकड्यांवर काट मारलेली. "हा कराडकडचा. सात वर्षांनी येऊन पैशे देऊन गेला. पाया पडला." बाकीच्या ओळी तशाच आहेत. आमच्यातली एक पाटणकडची, ती वही वाचता वाचता मध्येच थांबली. तिच्या सासरच्या गावाचं नाव होतं. नाव ओळखीचं निघालं नाही, पण ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होती.

मी आत्याला म्हटलं, "चल आमच्याबरोबर गिरगावात. तुला पियुष पाजते."

"हाटेलात बसून खायचं? पैशे देऊन?" साठ वर्षं ही बाई मुंबईत राहतेय. आणि ती खरोखर एकदाही हॉटेलात जेवायला बसली नव्हती! लग्नाकार्यात पंगतीला बसली असेल तेवढीच. अकरा जणींनी मिळून तिला उचललीच म्हणा ना.

गिरगावात आम्ही 'पणशीकरां'कडे गेलो. पियुष माहीत नसलेल्यांसाठी सांगते, श्रीखंड आणि ताकाचं हे पातळ, गोड लेकरू. वर जायफळ, केशर. उन्हातून आल्यावर पहिला घोट घशाखाली उतरला की काही वेळ कुणी बोलत नाही. एक जण हळूच म्हणाली, "घरी सांगू नका, मी दोन प्यायले." मिसळ खायची असेल तर ठाकुरद्वारला 'विनय' आहे, साबुदाणा वड्यासाठी 'प्रकाश' आहे. एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, आमच्यासारखं पोट धरून बसावं लागेल.

तिथेच बसून मी 'लिज्जत'ची गोष्ट काढली, कारण ती याच गिरगावातली. 15 मार्च 1959. एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी जमल्या. 80 रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून परत द्यायचं, लाटणावळ घ्यायची आणि नफ्यातही वाटा, कारण प्रत्येक जण मालकीण. आमची कोषाध्यक्ष पियुषचा ग्लास खाली ठेवून म्हणाली, "80 रुपये? आपल्याकडं तर बँकेत बेचाळीस हजार हायेत!" पुढचा अर्धा तास हिशेबच चालला होता. वाईला आल्यावर गटाची बैठक झाली, त्यात पहिला विषय तोच होता. ते पुन्हा कधीतरी.

खाणं झालं. आत्या उठली, आपली बशी आणि ग्लास उचलला, शेजारणीचीही बशी त्यावर ठेवली आणि मोरी कुठे आहे ते शोधायला लागली. वाढणारा मुलगा धावत आला, "आजी, राहू द्या, राहू द्या." तिने बशी सोडली, पण हात रिकामे कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी पदराला पुसून मांडीवर ठेवले.

परतीला मेट्रो घेतली. भुयारातली ही मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून गिरगावातून धावते, दादरपर्यंत घाम न येता पोहोचता येतं. सरकत्या जिन्यावर आमच्या चौघी हात धरून ओरडत उतरल्या, ते वेगळंच! दादरला आत्याचा नातू तिला न्यायला आला होता.

"बिल किती झालं गं?" निघता निघता तिने विचारलं. मी सांगितलं. तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"तेवढ्यात माझ्याकडं तीन माणसं वर्षभर जेवली असती," ती म्हणाली. मग चार पावलं पुढे जाऊन पुन्हा वळली. "ते प्रकाशचं साबुदाणा वडं राहिलं नव्हं? एकादशी कधी हाय बघ."