माळ्यावरचा व्हिडिओ कॅमेरा : विकावा की ठेवावा?

गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यात ज्या घरातून एखादा तरी माणूस गल्फला गेला, त्या घराच्या माळ्यावर जुना व्हिडिओ कॅमेरा सापडण्याचा संभव बराच आहे. कुवेत, दुबई, जेद्दाहून सुट्टीवर येणाऱ्या आपल्या बांधवांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत आधी टेपरेकॉर्डर आणला, मग व्हीसीआर आणि मग कॅमेरा. घरचे निकाह, वलीमे, ईदची मुलाखत सर्व त्यात टिपले गेले. कॅसेट येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती परत गल्फला जाई, कारण तिकडे अडकलेल्या भावाला बहिणीचे लग्न पाहायचे असे. आज गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या हाती फक्त मोबाईल दिसतो. तेव्हा या कॅमेऱ्याचे काही पैसे येतात काय, अशी विचारणा आमच्याकडे होते. आमचा धंदा कापडाचा. पण पडून राहिलेला माल कधी काढावा हा सवाल सर्व धंद्यांत एकच.

प्रथम आपल्याकडे काय आहे ते ओळखावे. खांद्यावर घ्यायचा, मोठी व्हीएचएस कॅसेट बसणारा, पॅनासोनिक एम-७ सारखा कॅमेरा एके काळी लग्नाच्या मंडपाची शान होता. आज त्याला गिऱ्हाईक म्हणजे शोभेसाठी किंवा नाटक-सिनेमाच्या सामानासाठी घेणारा. लहान व्हीएचएस-सी कॅसेटचाही भाव फारसा नाही. सोनीने १९८५ साली व्हिडिओ-८ आणि १९८९ साली हाय-८ आणले. यांची कॅसेट ऑडिओ कॅसेटएवढी असते. १९९५ साली मिनी डीव्ही आले आणि १९९९ साली डिजिटल-८. या शेवटच्या तिघांना, म्हणजे हाय-८, मिनी डीव्ही आणि डिजिटल-८ यांना, चालू स्थितीत असल्यास आज खरोखर मागणी आहे. काही तरुणांना त्या काळच्या चित्राचा रंग आवडतो म्हणून, पण जास्त करून लोकांना आपल्या जुन्या कॅसेट वाचायच्या असतात म्हणून.

खरी गोष्ट येथेच आहे. व्हीएचएस-सी कॅसेट अडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरवर चालते. परंतु व्हिडिओ-८ आणि हाय-८ची कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये जातच नाही. ती पाहायची तर तोच कॅमेरा हवा, किंवा त्या जातीचा दुसरा. सोनीचे बरेचसे डिजिटल-८ कॅमेरे या जुन्या कॅसेट वाचतात, सर्व नव्हे. म्हणजे कॅमेरा ही किल्ली आणि कॅसेट ही तिजोरी. कॅमेरा भंगारवाल्याला वजनावर द्यायचा आणि डबाभर कॅसेट सांभाळून ठेवायच्या, हा व्यवहार आमच्या समजुतीपलीकडचा आहे. पण तो सर्रास होतो. पुढे मरहूम वालिदा किंवा दादीचा आवाज ऐकावासा वाटला म्हणजे त्याच कॅमेऱ्यासाठी दारोदार फिरावे लागते, आणि विकून आले होते त्याच्या कैकपट पैसे मोजावे लागतात. नवीन तर आता मिळणारच नाही. व्हीसीआर बनवणारी अखेरची जपानी कंपनी फुनाई हिने देखील २०१६ साली ते काम थांबवले.

म्हणून आधी कॅसेट उतरवून घ्याव्यात, विक्रीचा विचार मागाहून. उतरवणे म्हणजे कॅमेऱ्याची पिवळी-पांढरी-लाल वायर एका लहान यंत्रामार्फत कॉम्प्युटरला जोडून कॅसेट चालवणे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. मिनी डीव्हीला फायरवायर नावाची निराळी वायर लागते आणि तिचे छिद्र आजच्या लॅपटॉपला नसते. त्यासाठी जुना कॉम्प्युटर शोधावा लागतो.

आपल्या घरांत ही कामे अडून राहतात त्याचे कारण पैसा नव्हे, पडदा आहे. कॅसेटमध्ये घरच्या लेकी-सुना आहेत. त्या परक्या दुकानदाराच्या हाती कशा द्यायच्या? ही शंका रास्त आहे. यावर आमचे मत असे की प्रत्येक जमातीत एक चालू कॅमेरा राखावा आणि कॉम्प्युटर शिकलेल्या मुलींनी कॅसेटमागे ठरावीक मजुरी घेऊन हे काम घरबसल्या करावे. कॅमेरा एकदाच विकता येतो; ही मजुरी मात्र कॅसेट संपेपर्यंत येत राहील. याच कारणासाठी, विकताना कॅमेऱ्याचे झाकण उघडून आत कॅसेट राहिली नाही ना, हे न चुकता पाहावे. बॅटरी मेलेली असेल तर झाकण उघडतही नाही आणि कॅसेट आतल्या आत गिऱ्हाईकाकडे जाते.

आता स्थितीविषयी. समुद्राची खारी हवा आणि कोकणचा पावसाळा या यंत्रांचे वैरी आहेत. भिंगात टॉर्च मारून पाहावे; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी. आतील रबर सैल पडते किंवा चिकट होते आणि फीत गुंडाळते. त्यामुळे पहिल्याच झटक्यात लग्नाची कॅसेट घालू नये, बिनकामाची घालून पाहावी. पावसाळ्यात तर मुळीच नको. आत दमटपणा असल्यास पुष्कळ कॅमेरे दवाची खूण दाखवून चालण्यास नकार देतात. हिवाळ्यात कोरड्या दिवशी हे करावे. बॅटरीची चिंता मात्र कमी आहे. सोनीच्या एनपी-एफ जातीच्या बॅटऱ्या आजही नव्या मिळतात, कारण फोटोग्राफरांचे दिवे त्यांवरच चालतात.

किंमत ठरवताना ओएलएक्सवर मागितलेला आकडा हा भाव समजू नये. दुकानात ठाणाला लावलेली चिठ्ठी आणि गल्ल्यात आलेली रक्कम यांत जो फरक, तोच येथे आहे. पाच-सहा महिने तीच जाहिरात दिसत असेल तर तो भाव खोटा. मुंबईत चोरबाजारच्या मटण स्ट्रीटवर माल लगेच जातो, पण तेथे घेणारा आपला नफा आधी धरतो. चार्जर, वायर, रिमोट सोबत असल्यास आणि कॅमेरा चालवून दाखवता आल्यास भाव चढतो. 'चालतो की नाही माहीत नाही' असे म्हणून विकणाऱ्याला गिऱ्हाईक बंद मालाचाच भाव देते. जो ऐब ठाऊक आहे तो सांगूनच विकावा; ओले धान्य ढिगाखाली झाकणाऱ्या व्यापाऱ्याची हदीस आपल्याला मदरशापासून ठाऊक आहे.

अगदीच निकामी निघाला तर त्याची बॅटरी काढून वेगळी ठेवावी आणि दोन्ही वस्तू नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्याव्यात. त्यासंबंधीचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत.