प्रजनन दर घटला म्हणजे नेमके काय घटले?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आला. राज्यातल्या बायकांना सरासरी १.७ मुले आहेत, असा त्याचा अर्थ सहज लावला जातो; तो बरोबर नाही. हा दर काढण्यासाठी १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटात दर हजार स्त्रियांमागे वर्षाला किती बाळे जन्मली ते पाहतात, सातही दरांची बेरीज करतात, ती पाचने गुणतात (प्रत्येक गटात बाई पाच वर्षे असते म्हणून) आणि हजाराने भागतात. हाती येतो तो एका कल्पित स्त्रीचा हिशेब. विशीत ती आजच्या विशीतल्या मुलींसारखी वागते आणि चाळिशीत आजच्या चाळिशीतल्या बायकांसारखी. अशी स्त्री प्रत्यक्षात कुठेच नसते. आज पन्नाशीला टेकलेल्या बायकांची मुले सरासरीने या दराहून जास्त भरतात, कारण त्यांची बाळंतपणे दोन-तीन दशकांपूर्वीच्या, अधिक चढ्या दरांच्या काळात झाली.

जन्मदर हे वेगळे माप आहे, तरी बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. जन्मदर म्हणजे एकूण लोकसंख्येत दर हजारी जन्म. या हजारांत म्हातारे, पुरुष, शाळकरी पोरे सगळेच येतात. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारताचा जन्मदर १९७१ मध्ये ३६.९ होता, २०२० मध्ये तो १९.५ झाला, म्हणजे निम्म्याच्या थोडा अलीकडेच थांबला. याच काळात एकूण प्रजनन दर मात्र ५.२ वरून २.० वर, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक उतरला. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक पडला तो वयोरचनेमुळे: आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली वयात आल्या, आणि प्रत्येकीची मुले कमी झाली तरी आयांची संख्या वाढल्यामुळे जन्मदर तितक्या वेगाने खाली आला नाही. कुटुंबे किती लहान झाली हे जन्मदरावरून ठरवायला गेले, तर उत्तर चुकते.

सर्वांत चिवट समज असा, की दर खाली आला म्हणजे लोकांना मुले कमी हवीत. दर दोन कारणांनी उतरतो. मुलांची संख्या घटते हे एक. मुले तितकीच, पण उशिरा होतात हे दुसरे. एका वर्षाचा आकडा या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवत नाही. जपानमधले १९६६ हे याचे ठसठशीत उदाहरण. साठ वर्षांनी फिरून येणाऱ्या ‘हिनोए-उमा’ म्हणजे अग्निअश्व वर्षात जन्मलेली मुलगी कडक स्वभावाची निघते, नवऱ्याला जड जाते, अशी तिथली जुनी समजूत. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८.२ लाख बाळे जन्मली, १९६६ मध्ये १३.६ लाख आणि १९६७ मध्ये १९.४ लाख. एकूण प्रजनन दर २.१४ वरून १.५८ वर कोसळला आणि लगेच २.२३ वर गेला. पण त्या वयाच्या जपानी स्त्रियांची आयुष्यभराची मुले मोजली, तर सरासरी दोनच्या आसपासच राहते. बाळंतपणे तेवढी वर्षभर पुढेमागे सरकली होती.

अंधश्रद्धेचा झटका एका वर्षात ओसरतो. शिक्षण, नोकरी आणि लग्नाचे वाढते वय यांनी आणलेला उशीर दशकानुदशके चालतो, म्हणून तो ओळखू येत नाही. समजा, एखाद्या देशात प्रत्येक स्त्रीला अखेरीस दोनच मुले होतात, पण बाळंतपणाचे सरासरी वय दरवर्षी एक दशांश वर्षाने वाढते आहे. तिथे मोजलेला दर २ न येता १.८ येईल आणि उशीर चालू असेतो तिथेच राहील. जॉन बोंगार्ट्स आणि ग्रिफिथ फीनी यांनी १९९८ मध्ये हा परिणाम वजा करण्याचे सूत्र मांडले. त्याच्या गृहीतकांवर अभ्यासकांत वाद झाले, अजूनही होतात. वादातीत माप एकच: एखाद्या वर्षी जन्मलेल्या स्त्रियांची पन्नाशी होईपर्यंत वाट पाहायची आणि मग मुले मोजायची. पण धोरण आखणाऱ्याला तोवर थांबता येत नाही, म्हणून एका काळाचा दर वापरावाच लागतो.

घटत्या दराला ‘प्रजननक्षमता घटली’ असे म्हणणेही बरोबर नाही. हा दर झालेले जन्म मोजतो, शरीराची क्षमता मोजत नाही. शिवाय छेदात सर्वच स्त्रिया असतात, फक्त विवाहित नव्हेत. मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली, की जोडप्यांनी काहीही न बदलता दर खाली येतो.

‘२.१’ या आकड्याला तर जणू निसर्गनियमाचाच मान मिळाला आहे. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला एका बाईमागे एक मुलगी आई होण्याच्या वयापर्यंत जगली पाहिजे. १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मत असतील, तर त्यासाठी २.०५ जन्म लागतात. बालपणीच्या मृत्यूंची भर धरून २.१. भारतात २०१८-२० या काळात हजार मुलग्यांमागे ९०७ मुली जन्मल्या. या प्रमाणात एका मुलीमागे मृत्यू न धरताच २.१ जन्म होतात. गर्भलिंगनिवडीचा हा परिणाम सरळ भागाकारात दिसतो, तरी त्याची चर्चा क्वचितच होते. भारतापुरती पातळी २.१ च्या थोडी वरच धरायला हवी.

दर या पातळीखाली गेला की लोकसंख्या लगेच घटू लागते, हेही खरे नाही. राष्ट्रीय दर २.० असतानाच, एप्रिल २०२३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकले. चढ्या दराच्या काळात जन्मलेल्या पिढ्या अजून आईबाप होण्याच्या वयात आहेत आणि वृद्धांची संख्या तुलनेने कमी आहे. जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतात, आणि ही वाढ काही दशके चालते.

दोन सालांची तुलना करताना आकडा कुठून आला आणि कोणत्या काळाचा आहे, हे पाहावे लागते. नमुना नोंदणी पद्धतीत निवडलेल्या गावांत आणि शहरी विभागांत जन्मांची नोंद सतत चालते, दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी होते आणि दोन्ही याद्या ताडून पाहतात. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईला तिच्या बाळंतपणांचा इतिहास विचारतात आणि मुलाखतीच्या आधीच्या तीन वर्षांचा दर काढतात. दोन्ही नमुन्यावर आधारित असल्याने ०.१ चा फरक नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो, लहान राज्यांत तर हमखास. पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातले आणि गोव्यातले काम २०१९ मध्ये, पहिल्या टप्प्यात झाले. त्यामुळे महाराष्ट्राच्या १.७ मध्ये आणि गोव्याच्या १.३ मध्ये करोनाकाळाचा कसलाही परिणाम शोधण्यात अर्थ नाही. ते जन्म महासाथीच्या आधीचे आहेत.