यलोस्टोनला जाताय? मग कोडीत मुक्काम कराच!

वायोमिंगमधलं कोडी हे गाव १८९६ च्या सुमारास वसवलं गेलं. त्यात पुढाकार होता 'बफेलो बिल' म्हणजे विल्यम कोडी यांचा. घोडेस्वारी-नेमबाजीचे खेळ घेऊन युरोपभर फिरलेला हाच तो माणूस. मुलीच्या नावाने त्यांनी १९०२ मध्ये उघडलेलं इर्मा हॉटेल आजही चालू आहे.

पण खरी मजा संध्याकाळी. जून ते ऑगस्ट इथे रोज रात्री रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या कसबाचे खेळ, असतात! त्यातलीच एक बैलस्वारी: उधळलेल्या बैलाच्या पाठीवर ८ सेकंद टिकायचं, तेही दोर एकाच हाताने धरून. मोकळा हात बैलाला किंवा स्वतःला नुसता लागला तरी बाद. फाटक उघडताच सुटलेला बैल, उडालेली माती, आणि पडलेल्या स्वारापासून बैलाला हुलकावण्या देत दूर नेणारे बुलफायटर. माझ्या मते सगळ्यात मोठं धाडस त्यांचंच.

दिवसा शोशोनी नदीत राफ्टिंग करा. जवळचं बफेलो बिल धरण १९१० मध्ये बांधून झालं तेव्हा जगातलं सर्वांत उंच होतं, सुमारे ९९ मीटर. पाच संग्रहालयं एकाच छताखाली असलेलं 'बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट' तर अजिबात चुकवू नका; मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांचं दालन निवांत बघा.

यलोस्टोनचं पूर्व प्रवेशद्वार इथून साधारण ८५ किलोमीटरवर आहे. हिवाळ्यात ते मोटारींसाठी बंद असतं, त्यामुळे उन्हाळ्यातच बेत आखा.