जुन्या ख्रिस्तमंदिराची निगा आणि मंडळीचे हात

योवाश राजाच्या कारकिर्दीचे 23 वे वर्ष आले, तरी मंदिराची मोडतोड तशीच होती. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणास छिद्र पाडून ती वेदीजवळ ठेवली व जमलेला पैसा सुतार, गवंडी आणि पाथरवट यांच्या हाती दिला (2 राजे 12). नहेम्याच्या 3 ऱ्या अध्यायात मात्र सोनार, व्यापारी आणि शल्लूमाच्या कन्यादेखील यरुशलेमेच्या कोटाचे काम करताना दिसतात. हे दोन्ही अध्याय एकत्र वाचले असता आपणांस असा बोध होतो की, काही कामे जाणत्या कारागिराची असतात व काही सर्व मंडळीची. जुन्या मंदिराची निगा राखताना हा भेद विसरून चालत नाही.

इमारतीचा पहिला शत्रू पाणी होय. कौल सरकले की पाणी वाशांत मुरते, वासे कुजतात व त्यांना वाळवी लागते. पन्हळ पानांनी तुंबली की तेच पाणी भिंतीत उतरते. भिंतीच्या भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप वरवर छाटल्यास पुन्हा फुटते आणि मुळे दगड विलग करीत राहतात.

दुसरा धोका चुकीच्या दुरुस्तीचा. जुन्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्यातून भिंतीतील ओल बाहेर पडते. सिमेंटच्या गिलाव्याखाली ती कोंडते, क्षार साचतात व मऊ दगडाचा भुगा होऊ लागतो. म्हणून चुन्याच्या भिंतीस चुनाच द्यावा. जुन्या गोव्यातील बॉम जेजूस मंदिराचा बाहेरील चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढण्यात आला. उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पावसाचा मारा सोसत आहे. जवळच संत ऑगस्टीनचे मंदिर होते. 1835 साली ते ओस पडले, 1842 साली त्याची कमान कोसळली आणि 1931 साली दर्शनी भाग व अर्धा मनोरा ढासळला. माणसांचा वावर संपला की इमारत किती काळ तग धरते, हे त्यावरून कळते.

मंडळीच्या स्वयंसेवकांनी जमिनीवरून होणारी कामे घ्यावीत: आवारातील गटारे मोकळी करणे, पायालगतची माती व झुडपे हटविणे, बाके व कपाटे वाळवीसाठी तपासणे. छपरावर चढणे, वासे बदलणे, विजेचे काम व भिंतीच्या भेगा ही कामे जाणत्यांवर सोपवावीत. कुजक्या वाशावर उभा राहिलेला तरुण मंडळीस गमवावा लागू नये. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्यास परवानगीवाचून कोणत्याही दुरुस्तीस हात लावू नये.

यासाठी एक वही ठेवावी. मृग नक्षत्रापूर्वी एकदा, पहिल्या मोठ्या पावसात एकदा व पावसाळा सरल्यावर एकदा सर्व इमारत पाहून ओलीच्या जागा, भेगांची लांबी व केलेली दुरुस्ती तारखेसह लिहावी. पाळक बदलतात, पंच बदलतात. वही राहिली तर नव्या माणसास भेग जुनी की वाढती हे समजते. खर्चाचा हिशेबही त्याच वहीत लिहून मंडळीपुढे वाचावा, म्हणजे देणाऱ्यांचा विश्वास टिकेल. ही वही येत्या मृगापूर्वीच सुरू करावी, अशी आमची सर्व पाळकांस व धर्मशिक्षकांस विनंती आहे.